पदवीनंतरचे नव्वद दिवस

परदेशी शिक्षणाचा विषय घरात निघाला की चार प्रश्न ठरलेले असतात. विद्यापीठाचं नाव किती मोठं, फी किती, राहायचा खर्च किती आणि तिथे आपल्या ओळखीचं कोण आहे. पाचवा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं: पदवी हातात पडल्यावर त्या देशात कायद्याने काम करायला किती दिवस मिळणार, आणि ते संपल्यावर पुढे काय? ज्यांची मुलंमुली यंदा किंवा पुढच्या वर्षी जाणार आहेत, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी विचारा.

कारण सगळा हिशेब त्याच्यावरच उभा असतो. ४० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता ५४ हजारांच्या आसपास जातो. शिकत असताना चढलेलं व्याज वेगळंच. अभ्यासक्रम संपल्यावर बँक साधारण सहा महिने ते वर्षभर थांबते, मग हप्ता सुरू होतो. डॉलरच्या पगारातून तो निघतो. पुण्या-नाशकातल्या पहिल्या नोकरीच्या पगारातून बहुतेकांचा निघत नाही. म्हणजे कर्ज काढताना आपण मनातल्या मनात धरून चाललेलो असतो की मूल तिथे निदान दोन-तीन वर्षं कमावेल. ही दोन-तीन वर्षं कुठल्या नियमाने मिळतात, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नसतं. ज्यांनी त्या कर्जासाठी राहतं घर तारण ठेवलंय, त्या आईवडिलांनाही नसतं.

अमेरिकेबद्दल जास्त सांगतो, कारण आपल्याकडच्या मुलांचा मोठा ओघ तिकडे आहे आणि सगळ्यांत जास्त गुंताही तिथेच आहे. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांतले ९७,५५६ जण शिकत नव्हते, पदवी घेऊन ‘ओपीटी’वर काम करत होते. म्हणजे दहातले जवळजवळ तीन.

ओपीटी म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच, आपल्या विषयाशी संबंधित काम करण्याची परवानगी. ती १२ महिन्यांची असते. पदवीबरोबर ती आपोआप मिळते असा अनेकांचा समज असतो, आणि तो महागात पडतो. तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. अभ्यासक्रम संपण्याच्या तारखेआधी ९० दिवसांपासून त्या तारखेनंतर ६० दिवसांपर्यंत तो करता येतो. आधी विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची शिफारस लागते, आणि शिफारस झाल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज सरकारकडे पोचावा लागतो. ६० दिवसांची मुदत टळली तर त्या पदवीवरची ओपीटी गेली, पुन्हा मिळत नाही. शेवटच्या सत्रातले प्रकल्प, परीक्षा, घर बदलणं आणि नोकरीच्या मुलाखती या सगळ्या धबडग्यात हुशार मुलांकडूनही ही तारीख निसटते. खिडकी उघडते त्याच आठवड्यात अर्ज करावा, यात दुसरं मत नाही.

परवानगीचं कार्ड आलं की त्यावर सुरुवातीची तारीख असते. त्या दिवसापासून दुसरी मोजणी सुरू होते, आणि घरच्यांना तिची कल्पनाही नसते. ओपीटीच्या १२ महिन्यांत मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. त्यात शनिवार-रविवार धरले जातात, सुट्ट्याही धरल्या जातात. पहिली नोकरी चाळिसाव्या दिवशी लागली, चार महिन्यांनी कपातीत गेली, तर हातात ५० दिवस उरतात. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. नव्वद दिवस ओलांडले की तिथे राहण्याचा कायदेशीर आधारच डळमळतो.

म्हणून कार्डाची सुरुवातीची तारीख निवडताना विचार करावा. ती अभ्यासक्रम संपल्यानंतरच्या ६० दिवसांतली कुठलीही मागता येते. नोकरी हातात असेल तर लवकरची घ्या. नसेल तर शेवटाकडची घ्या, म्हणजे शोधायला तेवढे दिवस वरचे मिळतात. नोकरी लांबलीच, तर पहिल्या १२ महिन्यांत विनावेतन कामही चालतं, मात्र ते आपल्या विषयाचं हवं आणि आठवड्याला किमान २० तासांचं हवं. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत किंवा सेवाभावी संस्थेत असं काम मिळवलं आणि त्याचं रीतसर पत्र जवळ ठेवलं, तर बेरोजगारीची मोजणी थांबते. काम करायचं ते मात्र खरंच करायचं. नोकरी लागली, सुटली किंवा पत्ता बदलला, तर १० दिवसांच्या आत कळवणं बंधनकारक आहे.

आता प्रवेशाच्या वेळीच पाहायची गोष्ट. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या (‘स्टेम’) सरकारी यादीत बसणारी पदवी असेल, तर ओपीटीला आणखी २४ महिने जोडून मिळतात, एकूण ३६ महिने. ही सवलत २०१६पासून २४ महिन्यांची आहे, त्याआधी ती १७ महिन्यांची होती. पदवी त्या यादीत बसते की नाही, हे अभ्यासक्रमाच्या दिमाखदार नावावरून ठरत नाही. विद्यापीठाने त्या अभ्यासक्रमाला दिलेल्या सहा आकडी सरकारी क्रमांकावरून ठरतं. सर्वसाधारण एमबीए त्या यादीत नाही, ‘मॅनेजमेंट सायन्स’ आहे. दोन्ही वर्ग एकाच इमारतीत भरतील, फीही जवळपास सारखीच असेल, पण एका विद्यार्थ्याला कामासाठी एक वर्ष मिळेल आणि दुसऱ्याला तीन. प्रवेश पक्का करण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून हा क्रमांक लेखी मागवा. ‘आमचा अभ्यासक्रम स्टेम आहे’ असं एजंट तोंडी सांगत असेल, तर त्यावर भिस्त ठेवू नका. विद्यापीठाकडून मिळणाऱ्या आय-२० या कागदावर तो क्रमांक छापलेला असतो.

ही जादा २४ महिन्यांची परवानगी मिळवायची तर कंपनी ‘ई-व्हेरिफाय’ या सरकारी यंत्रणेत नोंदलेली हवी, काम पगारी हवं आणि प्रशिक्षणाचा लेखी आराखडा कंपनीच्या सहीने द्यावा लागतो. कंपनी लहान असेल तर ती नोंदलेली आहे का, हे नोकरी पत्करतानाच विचारावं. वर्षभर काम केल्यावर ‘आमची नोंदणी नाही’ असं उत्तर मिळालं, तर घाईने दुसरी नोकरी शोधण्यावाचून मार्ग उरत नाही. बेरोजगारीची मर्यादा इथे आणखी ६० दिवसांनी वाढते, दोन्ही टप्पे मिळून १५०.

आणि मग येतो एच-१बी, म्हणजे कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा. दरवर्षी ६५ हजार जागा, शिवाय अमेरिकेतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. मागणी याच्या कितीतरी पट असल्याने सोडत निघते. कंपनी मार्चमध्ये नाव नोंदवते, निवड झाली तर पुढचा अर्ज होतो आणि काम १ ऑक्टोबरपासून सुरू होतं. आता वर दिलेल्या १२ आणि ३६ महिन्यांचा अर्थ बघा. मे २०२६मध्ये पदवी घेतलेल्या मुलीची ओपीटी जुलैत सुरू झाली असं धरू. तिची पदवी सरकारी यादीतली असेल, तर ती जुलै २०२९पर्यंत काम करू शकते, म्हणजे मार्च २०२७, २०२८ आणि २०२९ अशा तीन सोडतींत तिचं नाव जाऊ शकतं. यादीबाहेरची पदवी असेल, तर एकच सोडत. ‘नशीब’ म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्यातला मोठा भाग प्रवेशाच्या वेळीच ठरून गेलेला असतो.

गेल्या वर्षभरात या व्यवस्थेत मोठी उलथापालथ झाली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी घोषणापत्र काढून नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं. आपल्याकडे त्या दिवशी घराघरांत घबराट उडाली. नंतर २० ऑक्टोबरला तिथल्या इमिग्रेशन खात्याने खुलासा केला की अमेरिकेतच राहून विद्यार्थी दर्जावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना हे शुल्क लागू नाही. डिसेंबर २०२५मध्ये सोडतीचा नवा नियम जाहीर झाला. पगाराच्या चार पातळ्या धरायच्या, आणि सगळ्यांत वरच्या पातळीवरच्या उमेदवाराचं नाव सोडतीत चारदा, सगळ्यांत खालच्या पातळीवरच्याचं एकदाच. नुकती पदवी घेतलेली मुलं बहुधा खालच्या दोन पातळ्यांत येतात. त्यांची वाट अरुंद झाली आहे, आणि हे तोंडावर सांगणारा सल्लागार मिळाला तर त्याचं ऐका.

शुल्काबद्दलच्या त्या खुलाशातून एक गोष्ट निघते, ती पालकांनी नीट लक्षात घ्यावी. विद्यार्थी दर्जावरून एच-१बीवर जाण्याचा अर्ज प्रलंबित असताना मूल अमेरिकेबाहेर पडलं, तर दर्जा बदलण्याची ती मागणी सोडून दिल्यासारखी धरली जाते. मग बाहेरून व्हिसा घेऊन येणं आलं, आणि लाखभर डॉलरच्या शुल्काचा प्रश्नही आला. गणपती असोत, दिवाळी असो, चुलत भावाचं लग्न असो, अशा वेळी ‘आठ दिवस तरी ये’ असा आग्रह धरू नका. आजी आजारी असली की हे सांगणं किती जड जातं याची मला कल्पना आहे. तरी तिकीट काढण्याआधी मुलाने कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला आणि विद्यापीठाच्या कार्यालयाला विचारलंच पाहिजे. ओपीटीवर असतानाही बाहेर पडायचं तर कार्ड, नोकरीचं पत्र, आय-२०वर गेल्या सहा महिन्यांतली प्रवासाची सही आणि मुदतीतला व्हिसा, एवढं जवळ हवं.

सोडतीशिवायचीही एक वाट आहे आणि आपली मुलं तिच्याकडे फारसं बघत नाहीत. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न असलेल्या ना-नफा संस्था आणि ना-नफा किंवा सरकारी संशोधन संस्था यांना एच-१बीच्या जागांची मर्यादा लागू नाही. त्यांना मार्चची वाट पाहावी लागत नाही. पगार कंपन्यांपेक्षा कमी असतो, पण संशोधनाची, वैद्यकीय विदेची किंवा प्रयोगशाळेतल्या कामाची आवड असलेल्याने अशा जागांसाठी पहिल्या दिवसापासून अर्ज करावेत. दुसरी वाट बहुराष्ट्रीय कंपनीची. तिच्या भारतातल्या कार्यालयात सलग एक वर्ष काम केलं की व्यवस्थापकीय किंवा विशेष ज्ञानाच्या पदासाठी ती एल-१ व्हिसावर अमेरिकेत बदली मागू शकते.

आता जे सांगतो ते कडवट आहे. नव्वद दिवस संपत आले की मुलांना फोन येऊ लागतात. ‘आमच्या कन्सल्टन्सीत नाव लाव, पगारपत्रक देतो.’ ‘तीन वर्षांचा अनुभव दाखवू, मुलाखत आमचा माणूस देईल.’ ‘अमुक कॉलेजात नाव नोंदव, पहिल्या दिवसापासून काम करता येईल, वर्गात जायची गरज नाही.’ आधीच घाबरलेलं मूल हो म्हणून टाकतं. कृपा करून म्हणू नका. मिशिगनमधलं ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ हे अमेरिकी सरकारच्याच अधिकाऱ्यांनी उभं केलेलं बनावट विद्यापीठ होतं. तिथे ना वर्ग होते, ना शिक्षक. जानेवारी २०१९मध्ये सापळा उघड झाला तेव्हा पहिल्या फेरीत पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. त्याच्या आठ वर्षं आधी कॅलिफोर्नियातलं ‘ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी’ हे विद्यापीठ अशाच कारणाने बंद पडलं, त्यातही आपलीच मुलं अडकली. खोटं पगारपत्रक आज नव्वद दिवसांचा प्रश्न मिटवतं. पाच वर्षांनी ग्रीन कार्डच्या अर्जात तेच कागद तपासले जातात, आणि फसवणुकीचा शिक्का बसला तर पुन्हा प्रवेश मिळण्याचे मार्ग जवळपास बंद होतात. ‘एच-१बी करून देतो, एवढे डॉलर आधी भर’ म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा. सोडतीत नाव नोंदवणं आणि त्याचं शुल्क भरणं हे कंपनीचं काम आहे.

इतर देशांचं थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षं राहून काम करता येतं, पीएचडीवाल्यांना तीन. पण १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत. म्हणजे सप्टेंबर २०२६मध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला जाणारा विद्यार्थी या कमी मुदतीतच येतो. हा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच, विद्यार्थी व्हिसा संपण्याआधी करावा लागतो आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. पुढे राहायचं तर ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसा देणारी कंपनी हवी. त्यासाठी जुलै २०२५पासून पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नवोदितांना ३३,४०० पौंडांपर्यंत सवलत. लंडनबाहेरच्या पहिल्या नोकरीत हा आकडा गाठणं सोपं नाही. २०१२मध्ये ब्रिटनने अशी सवलत एकदा पूर्ण बंद केली होती आणि २०२१मध्ये नव्याने सुरू केली, हेही ध्यानात असू द्या. सरकारं मधल्या मध्ये नियम बदलतात.

कॅनडात पदवीनंतरचा वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळतो. नोव्हेंबर २०२४पासून त्यासाठी भाषेच्या परीक्षेची अट आली आहे. खासगी कॉलेजांनी सरकारी कॉलेजांच्या अभ्यासक्रमावर चालवलेल्या वर्गांत मे २०२४च्या मध्यानंतर प्रवेश घेतलेल्यांना तो मिळत नाही. प्रवेशपत्रावर सरकारी कॉलेजचं नाव दिसलं, तरी वर्ग प्रत्यक्षात कुठे भरतो ते विचारा. ऑस्ट्रेलियाने वयाची अट ३५वर आणली, मात्र भारताशी झालेल्या व्यापार करारामुळे आपल्या मास्टर्सवाल्यांना तीन वर्षं मिळतात.

जर्मनीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मूल अभियांत्रिकीला असलेल्या, मध्यम ऐपतीच्या मराठी कुटुंबाने तिचा विचार अमेरिकेच्या बरोबरीने करावा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. पदवीनंतर १८ महिने मिळतात, त्या काळात पोटासाठी कुठलंही काम करता येतं आणि सोडत नावाचा प्रकार नाही. पदवीच्या दर्जाची नोकरी आणि ठरावीक पगार मिळाला की ‘ब्लू कार्ड’ हा राहण्या-काम करण्याचा परवाना. पदवी मिळून तीन वर्षं झाली नसतील, तर पगाराची ती अट २०२५मध्ये सुमारे ४३,७६० युरो होती. तिथलीच पदवी असेल आणि दोन वर्षं कुशल नोकरी केली, तर कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. अट एकच, पण मोठी: भाषा. मास्टर्स इंग्रजीतून होईल, नोकरी बहुतेक ठिकाणी जर्मनशिवाय मिळत नाही. १८ महिने पुरले नाहीत म्हणणाऱ्यांतले बरेच जण तिथे गेल्यावर भाषा शिकू म्हणाले होते. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून वर्ग लावला, तर जाईपर्यंत बी-१ पातळी सहज होते.

आईवडिलांना आणखी एक. मूल परत आलं तर ते हरलं, असं घरात कोणी म्हणू नये. लग्नाची बोलणी करताना ‘एच-१ आहे का’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनीही थोडं थांबावं. सोडतीत नाव न येणं हा त्या मुलाचा दोष नाही. परतण्याच्या भीतीनेच मुलं खोट्या नोकऱ्यांच्या जाळ्यात सापडतात. कर्ज एवढंच काढा की मुलाला भारतात नोकरी करतानाही, तुम्हा दोघांच्या मदतीने का होईना, हप्ता भरता येईल. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत ८०ई कलमाखाली आठ वर्षं सूट मिळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी कर्जाआधी राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात बघावी.

या सगळ्याची माहिती फुकट मिळते. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय यासाठी पैसे घेत नाही, आणि अमेरिकी सरकारचं ‘स्टडी इन द स्टेट्स’ हे संकेतस्थळ सोप्या इंग्रजीत आहे. नियम बदलत असल्याने अर्ज करण्याच्या दिवशी ते पुन्हा वाचा, माझ्या लेखावर विसंबू नका. मेमध्ये पदवी मिळणार असेल, तर ओपीटीच्या अर्जाची खिडकी फेब्रुवारीतच उघडते. तुमचं मूल शेवटच्या सत्रात असेल, तर या रविवारच्या फोनवर त्याला विचारा: अभ्यासक्रम संपण्याची तारीख कुठली, कार्यालयाची शिफारस घेतलीस का आणि अर्ज कधी पाठवतोस?